बोलणारीची खुर्ची

प्रमिलाताई गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात खडू होता. इंदूरला भंवरकुआंच्या ज्या कोचिंगमध्ये मी केमिस्ट्री शिकवते तिथे वर्ग चालू असताना फोन बघायचा नाही असा नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. पण टेबलावर पालथा ठेवलेला फोन एकसारखा थरथरायला लागला तेव्हा मी तो उचलला. सईचा, माझ्या मुलीचा, मेसेज होता. “आई, महूहून इंगळे सरांचा फोन आला होता. प्रमिला आजी सकाळी गेल्या…” पुढे तिने काही लिहिलं नव्हतं. मी फोन पुन्हा पालथा घातला आणि फळ्यावरचं समीकरण पूर्ण केलं. समोरची मुलं वहीत उतरवून घेत होती. वर्ग अर्धा टाकून मी पळाले असते तर प्रमिलाताई वरून सुद्धा ओरडल्या असत्या, “काम पुरं कर आधी, रडायला पूरी जिंदगी पडलीय!” म्हणून तास संपेपर्यंत शिकवलं, आणि मग जिन्यात बसून रडले.

त्या कुटुंब न्यायालयात वकिली करायच्या. घटस्फोट, मुलांचा ताबा, खर्चापाणी, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. राहायला महूला, त्यांच्या आजोबांपासूनचं घर तिथे. आजोबा फौजेत होते, वडील छावणीतल्या हिशेबखात्यात. रोज सकाळी बसने इंदूरला यायच्या आणि संध्याकाळी बसनेच परत जायच्या. गेल्या तेव्हा वय सत्तरीच्या पुढे होतं, तरी आदल्या आठवड्यापर्यंत कोर्टात उभ्या राहिलेल्या होत्या. हे सगळं शोकसभेत सांगून झालं, फोटोला हार घालून झाला, आणि मग एक ज्येष्ठ वकीलसाहेब उठून म्हणाले, “प्रमिलाजींनी कितीतरी तुटणारी घरं जोडली.” सभागृहात माना हलल्या. माझ्या शेजारी इंगळे सर, त्यांचे यजमान, बसले होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. प्रमिलाताईंनी घरं जोडली नाहीत. त्यांनी बायकांना घरांतून बाहेर काढलं, मुलांसकट काढलं, आणि वर त्यांचा खर्च वसूल केला. आयुष्यभर जे केलं त्याची लाज वाटावी असं त्यांनी काही केलेलं नाही, मग मेल्यावर त्यांच्यावर सोज्वळपणाची शाल का पांघरायची?

माझी आणि त्यांची ओळख झाली ती महालक्ष्म्यांमुळे. हसू नका. सईच्या बाबांशी माझं लग्न झालं ते रीतीप्रमाणे, दोन्हीकडची घरं जुन्या होळकरशाही नोकरदारांची, पत्रिका जुळलेली, सगळं यथासांग. त्यांचा हात सुटायचा, हे पत्रिकेत नव्हतं. सई चार वर्षांची असताना एका दुपारी मी तिला घेऊन माहेरी आले आणि परत गेले नाही. माझे वडील तोवर गेलेले होते. घरात आई आणि तिचे मोठे दीर, म्हणजे माझे अण्णाकाका. अण्णाकाका वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांचा ठाम विश्वास होता की चार समजूतदार पुरुष एका खोलीत चहाला बसले की जगातलं कुठलंही भांडण मिटतं. त्यामुळे आमच्या बैठकीत आठवड्याला चहा होत होता आणि मी आतल्या खोलीत बसून कपांचे आवाज ऐकत होते.

मग भाद्रपद आला. सईचे आजोबा, माझे सासरे, स्वतः आले, पेढे घेऊन, अगदी हसतमुख. त्यांच्या घरी उभ्या महालक्ष्म्या बसतात, आणि महालक्ष्म्या दारातून आत येताना पुढे थाळी वाजवत चालायला घरची लेक लागते. घरात लेक एकच, सई. “तीन दिवसांचा तर प्रश्न आहे,” ते आईला म्हणाले, “देवीच्या कामाला नाही म्हणू नका.” आणि आम्ही नाही म्हटलं नाही. आमच्यासारख्या घरांत नवऱ्याने मारलं तर त्यावर विचार करायला वेळ लागतो, पण कुलाचाराला नाही म्हणायचं तर जीभच उचलत नाही. आईने सईला नवं परकर-पोलकं शिवून आणलं, मी तिची वेणी घातली, गजरा माळला. ती आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून, आम्हाला हात हलवत गेली. महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, तिसऱ्या दिवशी त्यांचं विसर्जन झालं. सई आली नाही.

आधी सांगितलं, तिला जरा सर्दी आहे. मग सांगितलं, नवरात्रानंतर. मग फोनच उचलेनात. मी त्यांच्या दाराशी गेले. एकाच शहरात, सिटी बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर माझी मुलगी होती. सासूबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, ती झोपली आहे. पायरीवर सईचे लाल सँडल होते, एक सरळ, एक उलटा. मी उलटा सँडल सरळ केला आणि परत आले. याहून जास्त काही करता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अण्णाकाकांनी मला त्यांच्या ओळखीच्या एका वकिलाकडे नेलं. मोठं ऑफिस, भिंतभर पुस्तकं, चांगला सोफा. त्या सोफ्यावर अण्णाकाका आणि ते वकील तासभर माझ्या लग्नाबद्दल बोलले. मी तिथेच बसले होते. मला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. शेवटी वकील म्हणाले की दिवाळी होऊ द्या, वातावरण निवळलं की मुलगी येईल. बाहेर आल्यावर अण्णाकाका समाधानाने म्हणाले, “किती सुलझा हुआ माणूस आहे.” त्या दिवशी माझ्यात काहीतरी बिघडलं, किंवा ठीक झालं म्हणा. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाते सांगून मी एकटीच जिल्हा न्यायालयात गेले. तेव्हा मी एका कॉलेजात तात्पुरती शिकवत होते. मोफत कायदेशीर मदत मिळते एवढं ऐकलेलं होतं, पण ती गरिबांसाठी, आपल्याला कोण देणार अशी समजूत. खिडकीतल्या बाईंना मी आधीच सांगून टाकलं की मैडम, मला पगार आहे, थोडा आहे पण आहे. त्यांनी वर न बघता विचारलं, “आप महिला हैं ना?” मी हो म्हटलं. “तो बस. महिला को मिलती है, तनख़ाह हो चाहे ना हो.” बाई असल्याचा मला तोवर झालेला तो बहुधा पहिला फायदा. मदतीच्या यादीवरच्या ज्या वकील मला मिळाल्या त्या प्रमिला इंगळे.

घरी सांगावंच लागलं. अण्णाकाकांनी नाव ऐकलं, आडनाव ऐकलं, महू ऐकलं, आणि जरा थांबून म्हणाले, “आपल्यातला कुणी नाही का मिळाला?” मी तेव्हा गप्प बसले. आज छापून सांगते. आपल्यातला मिळाला होता, अण्णाकाका. तुम्हीच नेलं होतं. आपल्यातल्याने दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं होतं, आणि आपल्यातल्यांनीच माझी मुलगी देवीचं नाव सांगून नेली होती. ज्यांच्या घरचं पाणी आपल्या आजीने प्यायलं नसतं, त्या घरातल्या बाईने ती मला परत मिळवून दिली.

तरीही पहिल्या दिवशी काका माझ्याबरोबर आलेच. कोर्टाजवळच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलं की प्रमिलाताईंची खोली. खोलीत एक टेबल, टेबलामागे त्यांची प्लास्टिकची पांढरी खुर्ची, फायलींचं कपाट, आणि टेबलासमोर अशिलासाठी एकच खुर्ची. ही मात्र सागवानी, रुंद पाठीची, दोन्ही बाजूंना ऐसपैस हात. त्यांच्या वडिलांनी कधीतरी महूच्या फौजी नीलामातून आणलेली. मागच्या पायावर फौजेने रंगवलेला पांढरा नंबर अजून दिसायचा. कुणा कर्नलची असणार, त्या म्हणायच्या, “आता बायकांची आहे.” काका सवयीने त्या खुर्चीत जाऊन बसले. मी दाराशी उभी. प्रमिलाताईंनी चष्म्यावरून बघितलं. सावळा, रुंद चेहरा, कानात साधे टॉप्स, काळ्या कोटाच्या बाहीवर नाश्त्याच्या सेवचा कण अडकलेला.

“तलाक कोणाला पाहिजे?” त्यांनी विचारलं.

“मी हिचा काका,” अण्णाकाका म्हणाले, “सगळी बात मला मालूम आहे, मी सांगतो ना तुम्हाला शुरू से.”

“सगळं तुम्हाला मालूम आहे? मग तलाक तुम्हीच घेऊन टाका काकाजी, मुलीला कायको तकलीफ.” काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यावर ताई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “ही खुर्ची बोलणारीची आहे. तुम्ही बाहेर बसा, बेंच आहे. चाय येईल तुम्हाला.” आणि खरोखरच चहा गेला. अपमान करायचा नाही, पण बाहेर बसवायचं, ही त्यांची पद्धत. वडील असो, भाऊ असो, मावशी असो, एकदा तर म्हणे एक नगरसेवक सोबत आला होता, सगळे बाहेर. दार बंद. आत बाई, ती खुर्ची आणि प्रमिलाताई.

मला बोलता येईना. मुलांसमोर तासन्‌तास बोलणारी मी, माझ्याच लग्नाचं पहिलं वाक्य तोंडातून निघेना. त्या घाई करत नव्हत्या. डबा उघडून पोहे खात बसल्या, वर मूठभर सेव. “हात ठेव खुर्चीवर,” म्हणाल्या. “असे मांडीत नको धरू. हाताला जगह मिळाली की आवाज कापत नाही.” मी हात ठेवले. लाकूड गार होतं. कितीतरी हातांनी घासून गुळगुळीत झालेलं… आणि मग मी जी सुरू झाले ती काकांचा बाहेर दुसरा चहा होईपर्यंत बोलतच होते. मध्ये त्या फक्त एवढंच विचारायच्या, “पुढे?” माझं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सईच्या वाढदिवसाचा. मी म्हटलं, माघात, फेब्रुवारीत पाच पूर्ण होतील. त्यांनी डबा बंद केला.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असं कायदा म्हणतो, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. पाच झाली म्हणून आईचा हक्क संपत नाही, पण मग दोन्ही बाजू तोलून बघतात, आणि ज्या घरात मूल रुळलंय तिकडे पारडं झुकू शकतं. सासऱ्यांनाही कुणी वकील भेटलेला असणार. दिवाळीनंतर येईल, संक्रांतीनंतर येईल असं गोड बोलत त्यांना फेब्रुवारी गाठायचा होता, आणि आम्ही चहा पाजत त्यांना वेळ देत होतो. हे ऐकताना मला पहिल्यांदा राग आला. भीती खूप आली होती, रडू खूप आलं होतं, पण राग असा पहिल्यांदा. प्रमिलाताईंना तो दिसला असावा. “हां,” त्या म्हणाल्या, “आता केस बनेगी.”

त्याच आठवड्यात त्यांनी मुलीच्या तात्पुरत्या ताब्यासाठी अर्ज लावला. समोरच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे तारखा मागायला सुरुवात केली. कधी ते आजारी, कधी सईचे बाबा कामानिमित्त भोपाळला, कधी कागद मिळाले नाहीत. दर तारखेला प्रमिलाताई उभ्या राहून तेच म्हणायच्या, “साहब, बच्ची बड़ी हो रही है.” दुसरं काही नाही. कोर्टाच्या समुपदेशकांकडेही आम्हाला पाठवलं. तिथे एक बाई मला समजावू लागल्या की थोडं ॲडजस्ट करून बघा, घर आहे शेवटी. बाहेर येऊन मी हे ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “त्यांचं ते कामच आहे, त्यांना विचारायलाच लागतं. तुझं काम नाही म्हणायचं आहे. तू तुझं काम केलं की नाही?” मी म्हटलं, केलं. “तो फिर चल, भुट्टे का किस खाऊ.”

असं वाटू देऊ नका की त्या फार प्रेमळ होत्या. फटकळ होत्या. रडणाऱ्या बाईला रुमाल द्यायच्या आणि घड्याळ बघायच्या. त्यांच्या तोंडून शाबासकी मी अख्ख्या आयुष्यात ऐकली नाही. एकदा मी थकून म्हटलं की मला त्यांच्याकडून खर्च-बिर्च काही नको, मुलगी द्या आणि सोडा, माझा स्वाभिमान आहे. केवढ्या भडकल्या! “तुझा स्वाभिमान तुझ्या जेबेतून चालव. सईच्या जेबेतून नाही. तो बाप आहे ना तिचा? मग पोरीच्या दुधाचा, फीसचा खर्चा तो देईल. तू कोण माफ करणारी?” पुढे तो खर्च कोर्टाने ठरवला आणि बरीच वर्षं, कुरकुरत का होईना, येत राहिला. आणि याच प्रमिलाताईंनी, मी नको नको म्हणत असताना, सईने दर रविवारी बाबांना भेटायचं हेही मान्य करायला लावलं. “खराब शोहर होता तो. बाप कसा आहे ते तिचं तिला बघू दे.” त्या दिवशी मी त्यांच्यावर रागावून जिना उतरले. आज सई तिच्या बाबांबद्दल जे काही मत बाळगते ते तिचं स्वतःचं आहे, माझ्याकडून उसनं घेतलेलं नाही. याचं श्रेय मला अजिबात जात नाही.

लोकांना प्रमिलाताईंबद्दल एक गोष्ट फार खटकायची. अशी बाई म्हटली की तिचं स्वतःचं काहीतरी मोडलेलं असणार, त्याशिवाय का ती दुसऱ्यांची मोडते, असा हिशेब सगळ्यांनी मनात मांडलेला असायचा. आणि यांचा संसार तर दृष्ट लागावी असा. इंगळे सर महूच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. पहाटे उठून बायकोचा डबा करायचे, तिच्या काळ्या कोटाला इस्त्री करायचे, आणि ती दिवसभर बायकांचे तलाक करवून आली की तिला गरम भाकरी वाढायचे. एकदा आमच्याच नात्यातल्या एका बाईंनी ताईंना तोंडावर विचारलं, “तुम्हाला घर मोडायला बरं वाटतं का हो?” ताई म्हणाल्या, “मला चांगलं घर मालूम आहे ना ताईजी, म्हणून खराब लगेच ओळखू येतं.” त्या बाई पुन्हा कधी भेटल्या तर रस्ता बदलायच्या.

सुनावणी लागली ती डिसेंबरच्या शेवटाला. सकाळी कडाक्याची थंडी, कोर्टाच्या आवारात लोक हात चोळत उभे. समोरच्या बाजूने एक फोटो दाखल केला होता. त्यात सई, नवं परकर-पोलकं, गजरा, हातात थाळी, मागे महालक्ष्म्यांचे मुखवटे, आणि सई खुदकन हसते आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं. आईने स्वखुशीने, नटवूनसजवून मुलगी आमच्याकडे पाठवली, मुलगी आनंदात आहे, आता आईचं मन फिरलं. आणि त्या फोटोतला गजरा मीच माळलेला होता. आदल्या दिवशी अण्णाकाकांनी मला बजावून सांगितलं होतं, म्हणावं जबरदस्तीने नेली, ओढून नेली, कोण बघायला होतं? मी ते त्याच दुपारी खोलीवर ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं. “पाठवली होती की नाही?” मी म्हटलं, पाठवली होती. “कशासाठी?” महालक्ष्म्यांसाठी. “मग तेच बोल. झूठ त्यांना बोलू दे, त्यांना जरूरत आहे.” मी म्हटलं, तुम्हीच बोला ना ताई, मला नाही जमणार. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मी नंतर कितीतरी जणींना सांगितलं आहे. “अगं, या फॅमिली कोर्टात कायद्यानेच वकिलाला बोलायला इजाजत लागते. बाईला नाही लागत.”

न्यायाधीशांनी मलाच विचारलं. “बच्ची को आपने ख़ुद भेजा था?” मागे सासरे बसले होते, त्यांच्या शेजारी सईचे बाबा. प्रमिलाताई माझ्या बाजूला उभ्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. समोर लाकडी कठडा होता. त्यावर मी दोन्ही हात ठेवले. “जी, मैंने ही भेजा था,” मी म्हटलं. “महालक्ष्मी के लिए भेजा था. महालक्ष्मी तीसरे दिन विदा हो गईं, साहब. मेरी बेटी अब तक नहीं आई.” न्यायाधीशांनी सासऱ्यांच्या वकिलांकडे बघून विचारलं, कितने दिन का बुलावा था? ते वकील अशिलाकडे वळले. आणि माझे सासरे, देवभोळे माणूस, महालक्ष्म्यांच्या बाबतीत काही त्यांना खोटं बोलवेना. खाली मान घालून म्हणाले, “तीन दिन का.”

संक्रांतीच्या आधी सई मला मिळाली. कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, भिंतीवर फुगे रंगवलेल्या त्या खोलीत, ती आजोबांचं बोट धरून आली. माझ्याकडे धावत वगैरे आली नाही. आधी दुरून बघितलं. केसांना कुठलंतरी दुसरंच तेल लावलेलं होतं, त्याचा वास मला अजून सहन होत नाही. मग हळूच जवळ येऊन तिने विचारलं, “आई, मी थाळी नीट वाजवली. तरी तू का नाही आलीस न्यायला?” मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही… ताई दारात उभ्या होत्या. त्या वळून व्हरांड्यात गेल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, धूळ फार होती.

घटस्फोटाला पुढे कितीतरी वर्षं लागली, पण त्यात मला कधी भीती वाटली नाही. मूल माझ्या कुशीत झोपत होतं, बाकी कागद चालत राहोत. मी ताईंच्या खोलीवर जात राहिले, आधी केससाठी, मग सवय म्हणून. सई त्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची, इंगळे सर आले असले तर ते तिला हत्ती काढून द्यायचे. एकदा मी ताईंना विचारलं की खुर्ची एकच का. वकिली नवीन होती तेव्हा, त्या म्हणाल्या, त्यांनी हौसेने चार खुर्च्या ठेवल्या होत्या. एक दिवस एक बाई आली, बरोबर वडील, भाऊ आणि दीर. पुरुष तिघे बसले, चौथ्या खुर्चीवर पिशवी ठेवली. बाई दाराला टेकून उभी. तासभर बोलणं झालं, कागद ठरले, समझौता झाला, सगळे गेले. बस महूच्या अर्ध्या रस्त्यात पोचली तेव्हा ताईंच्या लक्षात आलं की त्या बाईचा आवाज कसा होता हेच त्यांना माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तीन खुर्च्या खालच्या झेरॉक्सवाल्याला देऊन टाकल्या, चौथीही दिली, आणि घरून वडिलांची ही आणली. “तिचं पुढे काय झालं?” मी विचारलं. “मालूम नाही,” ताई म्हणाल्या. “कभी कळलंच नाही.” त्यानंतर त्या बराच वेळ कुठलीतरी फाईल उघडून बसल्या होत्या, वाचत नव्हत्या.

ताई सगळ्याच केसेस जिंकल्या असं नाही. काही बायका परत गेल्या, काहींची मुलं मिळाली नाहीत. त्यांची नावं ताईंना पाठ होती. जिंकलेल्यांची त्या विसरायच्या. मलाही बरेचदा सईची आई एवढंच म्हणायच्या.

मागच्या शनिवारी इंगळे सरांनी बोलावलं म्हणून मी आणि सई त्या खोलीवर गेलो. खोली आता शबनम चालवणार आहे, ताईंची ज्युनिअर, मोठी धीट मुलगी. जुनी पुस्तकं वेगळी काढायची होती, ताईंचा कोट, डबा, छत्री घरी न्यायची होती. खुर्चीचं काय करायचं हे कुणी विचारलं नाही. सर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. सई, आता कॉलेजात जाणारी माझी उंच मुलगी, गुडघ्यावर बसून मागच्या पायावरच्या त्या पांढऱ्या नंबरावरची धूळ बोटाने पुसत होती. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक तरुण बाई, डोक्यावर पदर, कडेवर बाळ. तिच्या पुढे तिचे वडील असावेत, पांढरी मिशी, अंगात जाकीट. त्यांना काहीच माहीत नव्हतं. “मैडम हैं क्या?” त्यांनी विचारलं.

शबनमने सांगितलं की मैडम नाहीत आता, मी आहे. त्यांनी हात जोडले. मग एक सुस्कारा टाकून त्या सागवानी खुर्चीकडे वळले. इंगळे सर भले माणूस, वयस्कर पाहुणा बघून त्यांनी खुर्ची जरा पुढे सरकवलीसुद्धा. बाई दाराला टेकून उभी राहिली. आणि मला कळायच्या आत माझा हात त्या खुर्चीच्या हातावर होता.

“बाबूजी, ये कुर्सी बोलने वाली की है,” मी म्हटलं. “आप बाहर बैठिए. बेंच है. चाय आएगी आपके लिए.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. सईने पुढे होऊन त्या बाईच्या कडेवरचं बाळ घेतलं. ती घाबरत खुर्चीच्या कडेला बसली, हात मांडीत घट्ट धरून. शबनम म्हणाली, “हाथ ऊपर रखिए, दीदी.” मी, इंगळे सर आणि बाबूजी बाहेर आलो, बाळाला घेऊन सई आली, आणि मी दार ओढून घेतलं. बेंचवर बाबूजी अवघडून बसले होते. आत बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हतं. मग एक आवाज आला, बारीक, अडखळता, पण थांबला नाही. बाबूजींनी मान वर केली. आपल्या मुलीचा आवाज ते जणू नव्याने ऐकत होते.

“आप भी वकील हैं?” त्यांनी मला विचारलं.

“नहीं,” मी म्हटलं. “मैं इस कुर्सी पर बैठ चुकी हूँ.”

इंगळे सर चहा सांगायला खाली गेले.